ओटा नकाशात नाही

रेकॉर्ड रूमच्या तिसऱ्या रॅकवर
वाळवीने अर्धा वाचून सोडलेला गठ्ठा:
वडनेरे, त्र्यंबक पांडुरंग. ड्राफ्ट्समन, पुढे ओव्हरसियर.
लोकल बोर्ड, नाशिक. १९०९ ते १९४१.
आर्किटेक्ट हा शब्द कुठेच नाही.
लोक त्याला ‘नकाशेवाले’ म्हणायचे,
आणि बिल थकलं की नुसतं ‘ओ वडनेरे.’

मी इमारती तपासते. जिल्हा परिषदेच्या पॅनलवर आहे.
हातोडीने ठोकायचं, कान लावायचा.
धोकादायक, दुरुस्तीयोग्य,
दोनच रकाने.

पहिली सही येवल्याच्या कोंडवाड्यावर.
गुरांचा कोंडवाडा! तरी दाराला कमान
आणि कमानीच्या मापाशेजारी पेन्सिलीने:
‘रुंदी म्हशीची शिंगे धरून.’
मग निफाडची चावडी, सिन्नरचा बाजारओटा,
मनमाडला मुलींची शाळा, खिडक्या गुडघ्याइतक्या खाली.
इन्स्पेक्टरसाहेबांनी लिहून विचारलं,
मुलींचं लक्ष बाहेर जाणार नाही का?
उत्तर फायलीत आहे, एका शब्दाचं:
‘जाईल.’

शिकागोहून बोटीने मागवलेला एक कॅटलॉग,
किंमत पगाराच्या पाचव्या हिश्श्याएवढी.
आत बर्फासाठी उतरती छपरं.
त्यांवर वडनेऱ्याने लाल शाईने इगतपुरीचा पाऊस ओतला,
कोन बदलला, पन्हळ रुंद केली,
धुराडं खोडून लिहिलं: चूल मागे.
त्या बंगल्यात पुढे रेल्वेचा डॉक्टर राहिला.
छप्पर गळत नाही, एवढंच सांगणारी
त्याच्या बायकोची चिठ्ठी
गंजक्या टाचणीने अजून धरून ठेवली आहे.

सगळंच काही उभं राहिलं नाही.
१९२७, देवळ्याचा सभामंडप. नवं सिमेंट, नव्या सळया,
हिशेब पुस्तकातून उतरवलेला.
उद्घाटनाला आठ दिवस असताना
स्लॅब पोटात झुकला.
कोणी मेलं नाही. पण त्यानंतर
दोन वर्षं फायलीत फक्त गटारं आहेत.
त्या गटारांचे उतारसुद्धा इतके सुबक काढलेले
की मी तो कागद पालथा घातला.

आता ओटा.
ज्या ज्या इमारतीपाशी मी पोचले
तिथे दाराच्या डाव्या हाताला, दुपारी सावली येते त्या बाजूला,
काळ्या दगडाचा, दीड हात उंच, एक ओटा.
नकाशात नाही. एस्टिमेटमध्ये नाही.
ऑडिटचा शेरा मात्र दरवेळी:
‘अनावश्यक. खुलासा करावा.’
खुलासा सापडला सर्वांत खालच्या पाकिटात:
‘दगड उरलेला. घडाई यल्लाप्पा वडाराची, मजुरी त्याने घेतली नाही.
कचेरी माणसाला दहाला बोलावते, आत घेते चारला.
मधले सहा तास कोणत्या खाती टाकावेत
ते कळवावे.’

कोणी कळवलेलं नाही.

कोनशिलांवर कलेक्टर आहेत, देणगीदार आहेत,
देणगीदारांचे वडील आहेत.
त्याचं शेवटचं काम भाजीबाजारामागची मुतारी.
बायकांना वेगळं दार, वर हवेला जाळी.
कोनशिला बसवायला तिथे कोणी आलंच नाही.

नाशकात त्याचं एकच उरलंय,
त्र्यंबक नाक्याच्या अलीकडे, बोर्डाचा जुना दवाखाना.
काल गेले. मागच्या भिंतीला तडा, बोट जाईल एवढा.
गच्चीवर पिंपळ.
खालच्या खोलीत लसीकरण मात्र चालू.
मी ठोकलं, ऐकलं, फॉर्म काढला,
पेन रकान्यांच्या मधल्या रेघेवर
बराच वेळ.

ओट्यावर एक बाई, मांडीवर पोर,
शेजारी एक्स-रेचं पाकीट, त्यावर चपला.
तिने चपला उचलल्या, पाकीट उचललं,
पदराने दगड पुसला
आणि म्हणाली,
बसा, आतल्यांना वेळ आहे अजून.